बंजारा भरतकाम: हिंगोलीच्या प्रवासात तांड्यावर बसून काय शिकता येते?

बंजारा भरतकाम म्हणजे बंजारा (गोर) समाजातील स्त्रिया जाड सुती कापडावर रंगीत दोरा, आरसे, कवड्या आणि कापडाचे तुकडे वापरून करतात ते सुईकाम. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ किंवा नरसी नामदेव येथे येणाऱ्या प्रवाशांना रस्त्यालगतच्या तांड्यांवर, बाजारात किंवा यात्रेत हे काम दिसते. बहुतेक जण ते पाहतात, एखादी पिशवी घेतात आणि पुढे जातात. मात्र एखाद्या जाणत्या स्त्रीशेजारी अर्धा दिवस बसून स्वतः सुई हातात घेतली, तर त्या पिशवीची किंमत वेगळ्या रीतीने कळते. असे शिकणे कसे जमवावे, त्यात काय हाती लागते आणि कोणत्या गोष्टींचे भान ठेवावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

शिकण्याची सहल आणि तुर्कीचे उदाहरण

प्रवासात एखादी स्थानिक कला हाताने करून पाहण्याची पद्धत जगभर रुळली आहे. तुर्की हे त्याचे ठळक उदाहरण. इस्तंबूलमध्ये पर्यटक ‘एब्रू’ शिकतात. डिंकासारख्या पदार्थाने दाट केलेल्या पाण्यावर रंग शिंपडायचे, सुईने त्यांना आकार द्यायचा आणि वर कागद टेकवून ती नक्षी उचलायची, अशी ही कला आहे. युनेस्कोने २०१४ मध्ये तिचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. कॅपाडोशिया भागातील अवानोस गावात किझिलइर्माक नदीच्या लाल मातीची भांडी घडतात आणि पाहुण्यांना चाकावर बसवले जाते.

या दोन कलांमध्ये एक सोय आहे. नवख्या माणसालाही तासाभरात काहीतरी घरी नेण्याजोगे बनवता येते. कागद निघतो, वाटी उभी राहते. सुईकामाचे तसे नाही. तुर्कीतच ‘ओया’ नावाचे सुईकाम आहे. अनातोलियातील स्त्रिया डोक्याच्या रुमालाच्या कडेला दोऱ्याची बारीक फुले गुंफतात. त्या फुलांना अर्थही असत. नवऱ्यावर रागावलेली नवी सून मिरचीच्या आकाराची ओया लावी, असे परंपरा सांगते. ही कला एका तासात येत नाही. एका तासात फक्त ती किती अवघड आहे हे कळते.

बंजारा भरतकाम या दुसऱ्या प्रकारात मोडते. म्हणून तांड्यावर शिकायला बसताना ‘मी एक पिशवी करून नेईन’ ही अपेक्षा चुकीची ठरते. ‘मी एक आरसा नीट बसवीन’ ही अपेक्षा बरोबर आहे.

हिंगोली आणि तांडा

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती. औंढा नागनाथचे ज्योतिर्लिंग हिंगोली शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, आणि औंढ्याला त्यांना विसोबा खेचर हे गुरू भेटले अशी परंपरा आहे. नामदेव शिंपी समाजातले. सुई आणि दोरा हे या मुलखात नवे नाहीत.

जिल्ह्याच्या डोंगराळ आणि माळरानी भागांत बंजारा समाजाच्या वस्त्या आहेत. त्यांना तांडा म्हणतात. तांड्याचा प्रमुख नायक आणि त्याच्या जोडीला कारभारी, ही जुनी व्यवस्था. घरात गोरबोली आणि बाहेर मराठी बोलली जाते, त्यामुळे मराठी पाहुण्याला भाषेची अडचण येत नाही. शेजारच्या वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात पोहरादेवी हे समाजाचे सर्वांत मोठे तीर्थ आहे. १७३९ मध्ये जन्मलेल्या संत सेवालाल महाराजांची समाधी तेथे आहे. पलीकडे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदजवळचे गहुली हे वसंतराव नाईकांचे गाव. ते १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. हिंगोली, वाशिम आणि पुसद हा सलग पट्टा बंजारा संस्कृतीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

भरतकामामागचा इतिहास

रेल्वे येण्यापूर्वी देशातील धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवरून फिरत असे. ही वाहतूक बंजारे करीत. माल लादलेल्या बैलांच्या काफिल्याला ‘लदेणी’ म्हणत. सतराव्या शतकात भारतात आलेला फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये याने हजारो बैलांच्या अशा काफिल्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. दख्खनच्या मोहिमांत सैन्याला धान्य पुरवण्याचे कामही हेच लोक करीत.

भरतकामाचे रूप या फिरस्त्या जीवनातून घडले. जे वापरायचे ते बरोबर वाहून न्यायचे, म्हणून कापड जाड आणि अनेक पदरी. थैल्या, बैलांच्या अंगावरच्या झुली, पाण्याच्या घागरीखालची चुंबळ, सुपारी आणि पैसे ठेवायची कोथळी, या सगळ्यांवर टाके असत. टाक्यांनी पदर एकमेकांना घट्ट धरून ठेवले जात, त्यामुळे वस्तू टिकत असे. सजावट आणि मजबुती ही दोन्ही कामे एकाच सुईने होत.

१८५३ नंतर रेल्वेचे जाळे पसरू लागले आणि लदेणीचा धंदा मोडला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. त्यात अनेक ठिकाणी बंजारा गटही सापडले. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि हे समाज ‘विमुक्त’ म्हणून ओळखले जाऊ लागले. महाराष्ट्रात बंजारा समाज आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे. धंदा गेल्यावर बरीच कुटुंबे शेती आणि शेतमजुरीकडे वळली. बैल गेले, झुली गेल्या. भरतकाम उरले ते मुख्यतः बायकांच्या पोशाखावर आणि लग्नाच्या वस्तूंवर.

पोशाख, वस्तू आणि टाके

पारंपरिक पोशाखाचे तीन भाग आहेत. घेरदार घागरा म्हणजे फेटिया, पाठ उघडी असलेली चोळी म्हणजे कांचळी आणि डोक्यावरची भरलेली ओढणी. तिन्हींवर आरसे आणि कवड्या लागतात. पूर्वी नाणीही लावत. पूर्ण पोशाख अंगावर चांगलाच जड होतो. आज तो रोज नेसणाऱ्या स्त्रिया बहुधा वयस्कर आहेत. तरुण मुली तीज, होळी किंवा लग्नात तो घालतात आणि एरवी साडी किंवा पंजाबी ड्रेस वापरतात.

नक्षी बहुतेक भौमितिक असते. चौकोन, त्रिकोण, तिरप्या चौकटी, वर्तुळे आणि लाटा. कापडावर आधी चित्र काढले जात नाही. डोळ्यांनी अंदाज घेऊन आणि दोरे मोजून टाके पडतात. लाल आणि निळा हे पायाचे रंग, त्यावर पिवळा, पांढरा, हिरवा. कर्नाटकातील संडूरच्या लमाणी भरतकामात १४ प्रकारचे टाके मोजले जातात. किलन, वेले, बक्क्या, माकी, रेलो, पोटे, नाकरा ही त्यांतली काही नावे. तांड्यागणिक उच्चार आणि नावे बदलतात. म्हणून शिकताना ‘तुमच्याकडे या टाक्याला काय म्हणतात?’ हा प्रश्न जरूर विचारावा.

एका दुपारी काय शिकता येते?

साधारण तीन ते चार तासांत नवखा माणूस धावदोऱ्याच्या दोन-तीन सरळ ओळी आणि एक आरसा एवढे काम करू शकतो. आरसा बसवण्याची रीत अशी आहे.

१. दोन पदरी सुती कापड घ्यावे. दोऱ्याची गाठ मागच्या बाजूला ठेवावी.

२. आरसा कापडावर ठेवून डाव्या अंगठ्याने दाबून धरावा. आरशाला भोक नसते आणि गोंदही लावत नाहीत. तो केवळ दोऱ्यांच्या जाळीने धरला जातो.

३. आरशाच्या कडेशी सुई वर काढून त्यावरून दोन उभे समांतर दोरे टाकावेत. मग दोन आडवे दोरे घ्यावेत आणि प्रत्येक उभ्या दोऱ्याला एकेक वळसा द्यावा. मध्ये चौकट तयार होते.

४. त्याच पद्धतीने चार तिरपे दोरे घेऊन जाळी घट्ट करावी.

५. आता सुई या जाळीखालून घालून दोरा बाहेर ओढावा आणि लगेच कडेच्या कापडात लहान टाका घ्यावा. काजाच्या टाक्यासारखे हे काम गोल फिरत पूर्ण करावे. जाळी हळूहळू कडेकडे सरकते आणि आरशाभोवती दोऱ्याची कड उभी राहते.

नवख्याची ठरलेली चूक तिसऱ्या पायरीत होते. आरसा जास्त दिसावा म्हणून तो पहिले दोरे अगदी कडेला टाकतो. पुढे कडेचे टाके ती जाळी आणखी बाहेर ओढतात आणि आरसा निसटतो. दोरे थोडे आत घ्यावे लागतात, हे सांगून समजत नाही. एकदा आरसा मांडीवर पडला की समजते. दुसरी चूक ताणाची. दोरा सैल राहिला तर आरसा हलतो, फार ओढला तर कापडाला चुण्या पडतात.

कवडी लावणे त्या मानाने सोपे आहे. कवडीची फुगीर पाठ घासून सपाट केलेली असते. त्या भोकातून आणि तोंडाच्या फटीतून दोरा घेऊन ती कापडाला शिवतात.

कुठे आणि केव्हा जावे?

तुर्कीत वेळ आणि तिकीट आधी ठरवून जागा राखता येते. तांड्यावरचे शिकणे ओळखीतून होते. गावातील महिला बचत गट, ‘उमेद’ अभियानाचे तालुका पातळीवरील कार्यालय, आशा सेविका किंवा शाळेतील शिक्षक यांच्यामार्फत आधी विचारणा करावी. न सांगता थेट तांड्यावर जाऊन ‘शिकवा’ म्हणणे योग्य नाही. नायक किंवा घरातील वडीलधाऱ्यांना आधी भेटावे. ‘राम राम’ किंवा ‘जय सेवालाल’ म्हणून बोलणे सुरू करता येते. आईला गोरबोलीत ‘याडी’ म्हणतात. वयस्कर स्त्रीला याडी म्हणून हाक मारली की अंतर लवकर कमी होते.

वेळ निवडताना शेतीचे आणि स्थलांतराचे वेळापत्रक पाहावे लागते. मराठवाड्यातील अनेक बंजारा कुटुंबे दिवाळीच्या आसपास ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्या काळात काही घरांना कुलूप असते आणि घरी फक्त म्हातारी माणसे असतात. फेब्रुवारी ते एप्रिल हळद काढणे आणि शिजवणे चालते. जून-जुलैत पेरणी असते आणि ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी. मोकळीक मिळते ती मे महिन्यात आणि श्रावण-भाद्रपदात. श्रावणात तीज येते. मुली टोपल्यांत गहू उगवतात, गाणी होतात आणि भरलेले कपडे पेटीतून बाहेर निघतात. काम पाहायला हा काळ उत्तम. दिवसातली योग्य वेळ म्हणजे दुपार, घरकाम आटोपल्यानंतरची.

शिकण्याआधी उत्तम नमुने पाहायचे असतील तर पोहरादेवीचे बंजारा विरासत संग्रहालय सोयीचे आहे. चार मजली इमारत आणि १३ दालने असलेल्या या संग्रहालयाचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. कर्नाटकाकडे जाणाऱ्यांसाठी संडूर येथील कुशल कला केंद्र आहे. १९८० च्या दशकापासून तेथे लमाणी स्त्रिया एकत्र काम करतात आणि संडूरच्या भरतकामाला भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. हा निर्देशांक फक्त त्या भागातील कामाला लागू होतो. हिंगोलीत घेतलेली वस्तू ‘संडूरची’ म्हणून विकणे किंवा सांगणे चूक आहे.

मोबदला किती द्यावा?

या विषयातील सर्वांत नाजूक प्रश्न हाच. ‘पाहुणे आले, थोडे शिकवले, त्यात पैसे कसले?’ असे अनेकदा शिकवणारी स्त्रीच म्हणते. त्यामुळे पाहुण्याने आकडा स्वतःहून आणि आधीच ठरवणे बरे.

तुलनेसाठी एक आधार घेता येतो. रोजगार हमी योजनेत महाराष्ट्रासाठी २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. हा अकुशल कामाचा दर होता. भरतकाम कुशल काम आहे आणि शिकवणे हे त्याहून वेगळे काम. म्हणून अर्ध्या दिवसाच्या शिकवणीलाही प्रत्येक शिकणाऱ्याकडून निदान या दराइतकी रक्कम मिळावी, त्याखेरीज कापड, दोरा आणि आरशांचा खर्च वेगळा. जेवण असेल तर त्याचेही पैसे द्यावेत. मध्ये कोणी आयोजक असेल तर दिलेल्या रकमेतील किती वाटा शिकवणाऱ्या बाईला जातो, हे सरळ विचारावे.

हाच हिशेब खरेदीला लावता येतो. एका पिशवीच्या भरलेल्या पुढच्या भागाला सहा दिवस लागले असे धरले, तर अकुशल दरानेच १,८७२ रुपये मजुरी होते. कापड, दोरा, आरसे आणि शिलाई वेगळी. बाजारात अशीच दिसणारी पिशवी तीनशे रुपयांना मिळत असेल, तर दोनच शक्यता उरतात. एक तर ती यंत्रावर झाली आहे, नाही तर बाईला तिच्या दिवसांचे पैसे मिळालेले नाहीत.

हातकाम कसे ओळखावे?

कापड उलटे करून पाहावे. हाताच्या कामात मागे गाठी दिसतात, दोरा एका आकारातून दुसऱ्याकडे गेलेला दिसतो आणि टाके थोडे लहान-मोठे असतात. यंत्राच्या कामात मागे बहुधा एकाच रंगाचा बारीक दोरा सगळीकडे सारखा दिसतो. आरसा नखाने हलवून पाहावा. चिकटवलेल्या आरशाभोवती गोंदाची कड असते किंवा छापील जरीचे कडे असते. आता प्लॅस्टिकचे हलके आरसेही वापरले जातात. ते असले तरी काम हाताचे असू शकते. त्याने वजन कमी होते आणि काच फुटत नाही. विक्रेत्याने तसे सांगितले असेल तर त्यात फसवणूक नाही.

घरी आणलेला तुकडा पहिल्यांदा वेगळा आणि थंड पाण्यात धुवावा, कारण लाल आणि निळा रंग सुटू शकतो. पिळू नये, सावलीत वाळवावा.

फोटो, जुने कपडे आणि मान

‘गुन्हेगार’ हा शिक्का बसलेल्या समाजाला बाहेरच्या माणसाच्या वहीचा आणि कॅमेऱ्याचा अनुभव नेहमीच चांगला आलेला नाही. विचारल्याशिवाय फोटो काढू नये. पोशाख घालून दाखवा, नाचून दाखवा, असा आग्रह धरू नये. शिकवणाऱ्या स्त्रीचे नाव तिची परवानगी असेल तरच समाजमाध्यमांवर द्यावे.

जुन्या कपड्यांबाबत विशेष जपावे. आजीची कांचळी किंवा लग्नातली कोथळी यांना जुन्या वस्तूंच्या बाजारात चांगली किंमत मिळते, पण ती घरातल्या बाईला क्वचितच कळते. घरात पैशांची नड असताना असा कपडा थोडक्यात विकला जातो. त्याबरोबर त्या घरातील नमुनाही जातो, कारण नक्षी कागदावर कुठे उतरवलेली नसते. पुढच्या मुलीने पाहून शिकायचे ते त्या कपड्यावरच. म्हणून प्रवाशाने जुना कपडा मागू नये. नवे काम मागावे आणि त्याची आगाऊ रक्कम द्यावी.

शिकण्याने कलेला काय मिळते?

जुलै २०२३ मध्ये हंपी येथे जी-२० च्या सांस्कृतिक कार्यगटाच्या बैठकीवेळी ४५० हून अधिक लमाणी स्त्रियांनी केलेल्या १,७५५ वस्तू एकत्र मांडल्या गेल्या आणि त्याची गिनेस विक्रमात नोंद झाली. अशा प्रदर्शनांनी कलेचे नाव होते. तांड्यावरील घराला मात्र नियमित मागणी लागते. ऊसतोडणीची उचल घेण्याऐवजी चार महिने सुईवर घर चालेल का, हा तिथला खरा प्रश्न आहे. आठवड्यातून एखाद्या पाहुण्याला आरसा बसवायला शिकवून तो सुटणार नाही.

तरीही अशा शिकण्याचा उपयोग दोन्ही बाजूंना होतो. ज्याने स्वतः एका आरशासाठी तासभर घालवला, तो पुढे भरलेल्या पिशवीची किंमत पाडून मागत नाही. आणि आई किंवा आजीजवळ बाहेरचे लोक पैसे देऊन शिकायला बसतात, हे घरातली मुलगी पाहत असते. आजवर तिने हे काम जुनाट म्हणून बाजूला ठेवले असेल, तर त्याच्याकडे पुन्हा वळून पाहण्याचे एक कारण तिला मिळते.